एक्सप्लेनर : दरीपलीकडचा पाडा मोबाइलवर इतका जवळ का दिसतो?

नशिराबादहून हायवेला लागा आणि फोनमधला मॅप उघडा. स्क्रीनवरचं अंतर प्रत्यक्षाशी बऱ्यापैकी जुळतं, कारण तापीकाठचा हा पट्टा सपाट आहे. उंची साधारण २०० मीटर. आता हाच फोन घेऊन शहाद्यामार्गे तोरणमाळला जा. नंदुरबार जिल्ह्यातलं हे पठार सुमारे ११५० मीटरवर. भोवती सातपुड्याचं जंगल आणि सीताखाईसारखी खोल दरी. समोरचा पाडा बोटभर अंतरावर दिसतो, पण मध्ये सरळ कडा असतो.

हे फक्त ट्रेकर्सचं दुखणं नाही. सातपुड्यातल्या अनेक पाड्यांवरून आजही रुग्णाला बांबूच्या झोळीतून रस्त्यापर्यंत आणावं लागतं. सरळ रेषेतलं अंतर तिथे काहीच कामाचं नसतं.

मग चढउतार कळतो कशावरून?

समोच्च रेषांवरून. सारख्या उंचीचे बिंदू जोडणारी ही रेषा. सर्व्हे ऑफ इंडियाच्या १:५०,००० नकाशात १ सेंटीमीटर म्हणजे जमिनीवरचे ५०० मीटर, आणि डोंगराळ भागात दोन रेषांमध्ये सहसा २० मीटर उंचीचा फरक. १ सेंटीमीटरमध्ये २०० मीटर चढ असेल तर दमछाक होईल, पण माणूस चढेल. तेवढाच चढ २ मिलिमीटरमध्ये दाटला असेल तर तो कडा समजा.

उपग्रहाला हे दिसत नाही का?

दिसतं, पण अर्धवट. फेब्रुवारी २००० मध्ये ‘एन्डेव्हर’ अवकाशयानाने ११ दिवसांत रडारने जगातली बहुतांश जमीन मोजली. ती माहिती आजही सर्रास वापरली जाते. मात्र घनदाट जंगलात रडारच्या लहरी बऱ्याचदा झाडांच्या शेंड्याजवळूनच परततात, म्हणजे जमीन आहे त्यापेक्षा उंच भासते. अरुंद दरीत तर कड्याची सावली पडते आणि तळ मोजलाच जात नाही. २००५ च्या आपल्या कार्टोसॅट-१ ने दोन कोनांतून फोटो घेतले, पण पानांखालची जमीन फोटोतही येत नाही. त्यासाठी विमान किंवा ड्रोनवरून लेझर सोडणारं लायडार लागतं. फांद्यांच्या फटींतून काही किरण जमिनीपर्यंत पोचतात. काम नेमकं, पण खर्चिक.

इंजिनीअरिंगला सर्व्हेच्या प्रॅक्टिकलमध्ये थिओडोलाइट लेव्हल करतानाच आमचा तास संपायचा. याच यंत्राने देश मोजायला निघालेले विल्यम लॅम्बटन १८२३ मध्ये आपल्या हिंगणघाटला वारले. त्यांची कबर तिथेच आहे.

तोरणमाळ जुन्या क्रमांकानुसार ४६ के या शीटमध्ये येतं. सर्व्हे ऑफ इंडियाच्या पोर्टलवर नोंदणी केली की ओपन सिरीज नकाशे डाउनलोड करता येतात. दरीकाठी रेंजचा भरवसा नाही, तेव्हा पीडीएफ शहाद्यातच सेव्ह करून घ्या.