सांबाराचें कूळ

ऋषीचें कूळ आणि नदीचें मूळ शोधूं नये, असें आपल्याकडे म्हणतात. पाकशास्त्रालाहि हाच नियम लावावा कीं काय, असें कधीं कधीं वाटूं लागतें. कारण एखादा पदार्थ लोकप्रिय झाला कीं त्याच्यामागें एक राजा, एक आचारी आणि एक संपलेला जिन्नस हीं तीन पात्रें हटकून उभीं राहतात. सांबाराची कथा अशीच आहे, आणि ती मराठी मनाला विशेष गोड लागते.

कथा अशी : छत्रपति संभाजीमहाराज तंजावरास आपले चुलतबंधु शहाजीराजे यांजकडे पाहुणे म्हणून गेले. मुदपाकखान्यांत आमटीसाठीं आमसुलें नव्हतीं. तेव्हां कोणा चतुरानें (कोणी म्हणतात, खुद्द शहाजीराजांनींच) चिंचेचा कोळ घालून वेळ निभावून नेली. आमटी अशी कांहीं साधली कीं पाहुण्याच्या नांवावरून तिला 'सांबार' हें नांव पडलें, आणि पुढें तें सबंध द्रविड देशानें उचललें.

या कथेची सारी मदार आमसुलावर आहे, आणि तिची पारख करण्यास तंजावरापर्यंत जावयास नको. मुरुमच्या स्वयंपाकघरांतहि ती होते. आमसूल म्हणजे कोंकणांतल्या रातांब्याची वाळविलेली साल. घाट चढून देशावर तें येतें तें वाण्याच्या दुकानांतून. उमरगें-मुरुमकडच्या तुरीच्या आमटीला आंबटपणा येतो तो चिंचेनें. उन्हाळ्याच्या तोंडाशीं चिंच झोडून घ्यावी, फोडून चिंचोके काढावेत, मीठ लावून गोळे बरणींत भरावेत आणि वर्षाची बेगमी करून ठेवावी, हा देशावरचा जुना परिपाठ. आतां भोसल्यांचें मूळ घराणें वेरूळचें, आणि तंजावर घेण्यापूर्वीं व्यंकोजीराजांचें वास्तव्य बंगळुराकडचें. अशा घरच्या आचाऱ्याला आमसुलावांचून आमटी अडली व चिंच हा त्याला नवा शोध वाटला, हें देशावरच्या कोणत्या गृहिणीला पटेल ? संभाजीमहाराज रायगडावर राहिले, त्यांना आमसूलच आवडत असेल, असें कोणी म्हणेल. म्हणो बापडा, पण मग पाहुण्याच्या आवडीचा जिन्नस जेथें मिळाला नाहीं, त्याच पदार्थाला त्याचें नांव द्यावें, हें जरा चमत्कारिकच.

सनावळीहि या कथेला फारशी अनुकूल नाहीं. शहाजीराजे गादीवर बसले १६८४ मध्यें. संभाजीमहाराजांचा वध झाला १६८९ च्या मार्च महिन्यांत. मधलीं पांच वर्षें औरंगजेब दक्षिणेंत ठाण मांडून बसला होता. त्या धुमाळींत तंजावरास अशी मेजवानी झाली, असें सांगणारा समकालीन कागद कोणी पुढें आणलेला नाहीं.

राहतां राहिलें नांव. संस्कृतांत 'संभार' म्हणजे सामग्री, जमविलेलें साहित्य. १५३० च्या एका तमिळ शिलालेखांत 'संबारम्' हा शब्द अन्नसामग्रीच्या संदर्भांत आला आहे. तंजावरास मराठ्यांचें राज्य झालें तें त्यानंतर सुमारें दीडशें वर्षांनीं. आमच्या वऱ्हाडांत तर कोथिंबिरीलाच सांबार म्हणतात, आणि गुजराथेंत 'संभारो' पानांत वाढतात. मसाल्याला, चवीच्या जिनसेला हें नांव जागोजाग चिकटलेलें असतां त्यासाठीं एका राजपुत्राला वेठीस धरण्याचें कारण दिसत नाहीं.

मुरुमहून थोड्याच कोसांवर कलबुर्गी जिल्ह्याची हद्द लागते. तेथें तूर तीच आणि चिंचहि तीच. पण पातेल्यांतल्या पदार्थाचें नांव बदलून 'हुळी' होतें. कानडींत हुळी म्हणजे आंबट. तमिळांतील 'पुळि' हा त्याचाच सख्खा भाऊ. आपली आमटी तरी दुसरें काय सांगते ? तिच्याहि नांवांत आंबटपणाच आहे. म्हैसूरच्या कंठीरव नरसराजाच्या दरबारीं गोविंद वैद्यानें १६४८ मध्यें जें काव्य रचलें, त्यांत भाज्या व डाळ यांच्या हुळीचा उल्लेख येतो. त्या वेळीं व्यंकोजीराजांना तंजावर मिळण्यास पाव शतकाहून अधिक अवधि होता. म्हणजे पदार्थ आधीं, राज्य मागाहून ! आणि ज्या लाल मिरचीवांचून आज सांबाराची कल्पना करवत नाहीं, ती तर अमेरिका खंडांतून पोर्तुगीजांच्या गलबतांबरोबर आलेली.

अशी गंमत केवळ आपल्याकडेच होते असें नाहीं. रोमच्या आल्फ्रेदो दि लेलिओ नांवाच्या खाणावळवाल्यानें, बाळंतपणानंतर बायकोला अन्न जाईना म्हणून, पिठाच्या चपट्या फिती उकडून त्यांत लोणी व किसलेलें चीज भरपूर कालवलें, असें त्याच्या घरचे सांगत. आपल्या शेवयांचीच ही रुंद बहीण. १९२० मध्यें अमेरिकेचे दोन चित्रपट-तारे, डग्लस फेअरबँक्स व मेरी पिकफर्ड, मधुचंद्रासाठीं रोमला गेले आणि तिच्यावर लुब्ध झाले. अमेरिकेंत जाऊन तिच्यांत साय पडली, लसूण पडला, आणि 'फेत्तुचीने आल्फ्रेदो' या नांवानें ती इटलीची राष्ट्रीय पाककृति म्हणून मिरवूं लागली. इटलीचे लोक म्हणतात, हें तर आमचें घरगुती लोणी-चीज. त्याला नांव कशाला हवें?

परंतु सांबाराचा हट्ट सोडला म्हणून तंजावरच्या मराठी चुलीचें कांहीं उणें होत नाहीं. उलट त्या हट्टापायीं खरी दौलत झांकली जाते, ही माझी तक्रार आहे. व्यंकोजीराजांच्या राणी दीपाबाई यांच्या आश्रयास असलेल्या, आणि रामदासस्वामींच्या परिचयांतील, रघुनाथ पंडित नवहस्त यांनीं 'भोजनकुतूहल' हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे प. कृ. गोडे यांनीं त्याच्या आधारें जिलबीसारख्या पदार्थांचा इतिहास मोठ्या परिश्रमानें मांडला. दुसरे सरफोजीराजे (१७९८ ते १८३२) यांच्या नांवाचें 'शरभेंद्र पाकशास्त्र' सरस्वती महालाच्या ग्रंथालयानें प्रसिद्ध केलें आहे. आपल्या घरांतून रुचिरेची प्रत सांपडते. या ग्रंथांचीं नांवें किती जणींना ठाऊक असतील?

राज्य १८५५ मध्यें खालसा झालें, तरी तेथें गेलेलीं देशस्थ घराणीं तेथेंच राहिलीं. त्रावणकोर, इंदूर व बडोदें या तिन्ही संस्थानांची दिवाणगिरी केलेले सर टी. माधवराव त्यांतलेच. त्या घरांतून एक पदार्थ तमिळ शेजाऱ्यांच्या चुलीवर गेला, आणि त्याचा दाखला काढण्यास शिलालेख नको. त्याचें नांव 'रसवांगी'. वांग्याच्या फोडी चिंचेच्या बेताच्या कोळांत शिजवाव्यात. धणे, हरभऱ्याची डाळ, सुक्या मिरच्या व ओलें खोबरें तेलावर परतून वाटावें. तें वाटण व शिजलेली तूरडाळ फोडींत मिसळून, सांबारापेक्षां घट्ट राहील असें उकळावें, आणि वरून मोहरीची फोडणी द्यावी. तेथील तमिळ गृहिणी हा पदार्थ आजहि याच मराठी नांवानें करतात.