परदेशी टपालाचे दर आणि छोटा विक्रेता

परदेशी पाकिटावर तिकिटे लावली की प्रेषकाचे काम संपते. दोन देशांच्या टपालखात्यांमधील हिशेब मात्र तेथून सुरू होतो. १८७४ मध्ये बर्न येथे स्थापन झालेल्या जागतिक टपाल संघाने आरंभी गृहीत धरले होते, की प्रत्येक पत्राला उत्तर येतेच. म्हणून वाटपाचा खर्च परस्पर फिटतो. हे गृहीत टिकले नाही. १९७१ पासून पाठविणाऱ्या देशाने वाटपाचा मोबदला देण्याची पद्धत आली आणि पुढे विकसनशील देशांसाठी तो कमी ठेवण्यात आला.

इंटरनेटवरील विक्री वाढताच या सवलतीची दुसरी बाजू दिसली. दोन किलोपर्यंतची पाकिटे चीनमधून अमेरिकेत इतक्या स्वस्तात येत, की तेथील घरगुती विक्रेत्याला स्वदेशातच माल धाडणे अनेकदा महाग पडे. २०१८ मध्ये अमेरिकेने संघ सोडण्याची नोटीस दिली. सप्टेंबर २०१९ मध्ये जिनीव्हा येथे तडजोड झाली व जुलै २०२० पासून अमेरिकेला आपले दर स्वतः ठरविता आले.

आपल्याकडील कारागिरालाही हा प्रश्न परका नाही. वस्तू हलकी व स्वस्त असेल तर हशीलच नफा खाऊन टाकते. डाकघर निर्यात केंद्रांमुळे सीमाशुल्काच्या कागदपत्रांची यातायात कमी झाली; हशील मात्र विक्रेत्यालाच सोसावे लागते.