मर्जी असेपर्यंतचे पद

राज्यघटनेचे १६५ वे कलम एका बैठकीत पाठ होईल, इतके लहान आहे. उच्च न्यायालयाचा न्यायाधीश व्हायला पात्र असलेल्या माणसाला राज्यपालांनी महाधिवक्ता नेमावे, त्याने सरकारला कायद्याचा सल्ला द्यावा, सोपवलेली कायद्याची कामे करावीत आणि राज्यपालांची मर्जी असेपर्यंत पदावर राहावे. एवढेच. मुदत नाही, वयाची मर्यादा नाही, मेहनतानाही राज्यपालच ठरवणार. राज्यपालांची मर्जी म्हणजे मंत्रिमंडळाची मर्जी, हे कळायला वकील लागत नाही.

वयाची मर्यादा नाही, हे मात्र कोर्टात भांडून ठरले आणि तेही नागपुरात. नागपूर तेव्हा मध्य प्रदेशाची राजधानी. साठी उलटलेले टी. एल. शेवडे महाधिवक्ता झाले, तेव्हा जी. डी. करकरे यांनी नेमणुकीलाच आव्हान दिले. न्यायाधीश तेव्हा साठाव्या वर्षी घरी जात असे, मग त्याच पात्रतेच्या पदावर साठीनंतर कोणी कसा बसतो? नागपूर उच्च न्यायालयाने १९५२ मध्ये उत्तर दिले, की निवृत्तीचे वय न्यायाधीशाच्या कारकिर्दीची मुदत ठरवते, पात्रता ठरवत नाही. शेवडे राहिले.

महाधिवक्ता हा सचिवासारखा सरकारी नोकर नव्हे, वकीलच. रोजचे खटले सरकारी वकील सांभाळतात. कायद्याची वैधताच पणाला लागली, की महाधिवक्ता उभा राहतो. १७७ व्या कलमाने त्याला विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांत बोलता येते, मत देता येत नाही. राज्याच्या बार कौन्सिलचा तो पदसिद्ध सदस्य असतो. राज्यातल्या ज्येष्ठ वकिलांच्या आधी बोलण्याचा मान त्याचा.

यापेक्षा नाजूक काम लोकांच्या नजरेला फारसे पडत नाही. १९७१ च्या न्यायालय अवमान कायद्याप्रमाणे उच्च न्यायालयात एखाद्या नागरिकाला कोणाविरुद्ध फौजदारी अवमानाचा अर्ज करायचा असेल, तर आधी महाधिवक्त्याची लेखी संमती लागते. न्यायालय स्वतःहून दखल घेऊ शकते, ते वेगळे. पण रागावलेल्या पक्षकाराला आधी हे दार ठोठावावे लागते. अर्जात दम आहे की नुसती सूडबुद्धी, हे ठरवताना महाधिवक्ता कोणाचाच वकील नसतो. सार्वजनिक उपद्रवाविरुद्ध दिवाणी दावा लावण्याचा अधिकारही त्याला आहे. म्हणजे एकाच माणसाने सकाळी सरकारची बाजू लढवायची आणि दुपारी सरकारही विसरून निर्णय द्यायचा. माझ्या मते या पदाची खरी परीक्षा इथेच होते, आणि तिच्यासाठी कलम १६५ मध्ये एक ओळही नाही.

अॅडव्होकेट जनरल या नावाने हे पद घटनेहून जुने. १८ मार्च १९२२ रोजी अहमदाबादला शाहीबागेतल्या सर्किट हाउसमध्ये गांधीजींवर राजद्रोहाचा खटला उभा राहिला, तेव्हा सरकारतर्फे मुंबईचे अॅडव्होकेट जनरल स्ट्रँगमन आले होते. आरोप ‘यंग इंडिया’तल्या तीन लेखांवरून होता, सोबत प्रकाशक शंकरलाल बँकर. गांधीजींनी गुन्हा कबूल केला. तरी पुरावा मांडू द्यावा, असा स्ट्रँगमन यांचा आग्रह होता. न्यायाधीश ब्रूमफील्ड यांनी तो मानला नाही. मग स्ट्रँगमन शिक्षेकडे वळले. मुंबई, मलबार, चौरीचौरा इथल्या हिंसेकडे बोट दाखवून त्यांनी लेखांचे गांभीर्य मांडले. गांधीजी बोलायला उभे राहिले ते अॅडव्होकेट जनरलनी आपल्याबद्दल जे म्हटले ते पूर्ण मान्य आहे, असे सांगतच. सरकारी वकिलाला आरोपीकडून असे प्रशस्तिपत्र क्वचितच मिळत असेल. शिक्षा सहा वर्षांची झाली आणि ती देताना ब्रूमफील्ड यांनी टिळकांच्या शिक्षेचा दाखला दिला.

स्ट्रँगमन यांच्या मागून सर जमशेटजी कांगा आले, १९३७ ते १९४२ मोतीलाल सेटलवाड. सेटलवाड पुढे भारताचे पहिले महान्यायवादी झाले आणि १९५० पासून १९६३ पर्यंत राहिले.

पद सोडावे लागण्याची कारणेही तऱ्हेतऱ्हेची. महाराष्ट्राचे महाधिवक्ता श्रीहरी अणे यांनी वेगळ्या विदर्भाची आणि मग मराठवाड्याची बाजू जाहीरपणे मांडली, विधिमंडळात गदारोळ झाला आणि मार्च २०१६ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. विदर्भाबद्दलचे मत बरोबर की चूक, हा प्रश्न वेगळा. ज्याचे मत सरकारचे मत म्हणून वाचले जाते, त्याला खासगी मत जाहीर करण्याची सोय उरत नाही. अणे यांनी ती घेतली, किंमतही मोजली.

खासगी मत बाजूला ठेवण्याची दुसरी बाजू १९७६ मध्ये दिल्लीला दिसली. आणीबाणीतल्या स्थानबद्धांच्या खटल्यात न्या. खन्नांनी केंद्र सरकारचे वकील, महान्यायवादी नीरेन डे यांना विचारले, की पोलिसाने वैरापोटी कोणाला ठार मारले तर दाद मागता येईल का? आणीबाणी आहे तोवर नाही, असे डे यांनी सांगितले आणि हे आपल्यालाही धक्कादायक वाटते, असेही बोलून दाखवले. युक्तिवाद सरकारचा होता, चार विरुद्ध एक मतांनी तो टिकला.

मुंबईत मात्र महाधिवक्ता पदाचे नाव निघाले की एच. एम. सीरवाईंचे नाव पाठोपाठ येते. १९५७ ते १९७४ अशी सतरा वर्षे ते महाधिवक्ता होते. राज्यघटनेवरचा त्यांचा ग्रंथ १९६७ मध्ये, पदावर असतानाच निघाला. केशवानंद भारती खटल्यात ते केरळ सरकारतर्फे उभे होते. तेरा न्यायाधीश, अडुसष्ट दिवसांची सुनावणी, समोर कांगांच्याच चेंबरमधले नानी पालखीवाला. घटना दुरुस्त करण्याच्या संसदेच्या अधिकाराला मर्यादा नाही, ही सीरवाईंची भूमिका २४ एप्रिल १९७३ च्या निकालात सात विरुद्ध सहा मतांनी हरली. निकालावर त्यांनी कडक टीका केली. पुढे आणीबाणी आली. ग्रंथाच्या नंतरच्या आवृत्तीत सीरवाईंनी आपलीच भूमिका उलटवली आणि घटनेची मूलभूत चौकट संसदेलाही मोडता येत नाही, हा निकालातला सिद्धांत बरोबर असल्याचे, कारणे देऊन, लिहिले. तोवर पद सुटले होते. ज्या पालखीवालांना त्यांनी कोर्टात इतके दिवस खोडून काढले, त्यांचेच म्हणणे आता त्यांच्या ग्रंथात होते.