चेरोकी खटल्यांतील शब्दार्थविचार

तहातील शब्दांचा अर्थ कोणाच्या आकलनानुसार लावावा, हा प्रश्न अमेरिकेच्या प्रारंभीच्या प्रजासत्ताकात केवळ पांडित्याचा नव्हता; एका समाजाच्या भूमीचे भवितव्य त्यावर अवलंबून होते.

जॉर्जिया राज्याच्या सीमेत राहणाऱ्या चेरोकींपाशी सिक्वोया याने रचलेली, एकेका अक्षराला एकेक चिन्ह देणारी लिपी होती. १८२७ मध्ये त्यांनी लिखित राज्यघटनाही स्वीकारली. राज्याने मात्र आपले कायदे त्यांच्या भूमीवर लागू केले. १८३० मध्ये, अध्यक्ष जॅक्सन यांच्या कारकीर्दीत, मूलनिवासी जमातींना मिसिसिपीपलीकडे हलविण्याचा कायदा झाला.

चेरोकींनी सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. १८३१ मध्ये सरन्यायाधीश जॉन मार्शल यांनी संविधानातील व्यापारविषयक कलमाकडे लक्ष वेधले. तेथे परराष्ट्रे, घटक राज्ये आणि इंडियन जमाती यांचा निर्देश पृथक्पणे आहे. म्हणून जमातींचा समावेश परराष्ट्रांत होत नाही. त्या 'अंतर्गत परावलंबी राष्ट्रे' ठरल्या आणि दावा फेटाळला गेला.

१८३२ मध्ये मिशनरी सॅम्युअल वूस्टर यांच्या खटल्यात हाच अर्थविचार उलट दिशेने फलदायी झाला. १७८५ च्या होपवेल तहात चेरोकींना भूमी 'नेमून दिली' असे शब्द होते. त्यांवरून स्वामित्व संयुक्त संस्थानांचे, असा निष्कर्ष काढता आला असता. परंतु इंग्रजीचे मर्मज्ञ नसलेल्या चेरोकींनी 'नेमून देणे' आणि 'सीमा आखणे' यांतील भेद जाणला असेल, हे मार्शल यांना संभवनीय वाटले नाही. शिवाय 'तह' आणि 'राष्ट्र' हे शब्द गोऱ्यांच्याच भाषेतील; इतर राष्ट्रांच्या बाबतीत त्यांचा जो अर्थ, तोच येथेही घेणे प्राप्त होते. सबब चेरोकी भूमीवर जॉर्जियाचा कायदा चालत नाही, असा निर्णय झाला.

अर्थनिर्णय झाला, संरक्षण मिळाले नाही. १८३३ मध्ये वूस्टर मुक्त झाले, पण जॉर्जियाने भूमीवरील आग्रह सोडला नाही. १८३५ मध्ये न्यू इकोटा येथे एका अल्पसंख्य गटाने भूमी देऊन टाकणारा तह केला. प्रमुख जॉन रॉस यांचा विरोध असूनही १८३६ मध्ये सेनेटने तो संमत केला. १८३८-३९ च्या सक्तीच्या स्थलांतरात सुमारे ४,००० चेरोकी मृत्यू पावले, असा सामान्यतः स्वीकृत अंदाज आहे.

येथे शब्दार्थविचाराची मर्यादा स्पष्ट होते. 'तह' म्हणजे काय हे न्यायालयाने ठरविले. राष्ट्राच्या नावाने तह कोणी करावयाचा, हे मात्र सत्तेने ठरविले. तथापि तो अर्थनिर्णय वाया गेला असे म्हणता येत नाही. २०२० मध्ये ओक्लाहोमातील क्रीक जमातीची राखीव भूमी काँग्रेसने कधीही रद्द केलेली नाही, असा निर्वाळा त्याच न्यायालयाने दिला, तो जुन्या तहांच्या व कायद्यांच्या शब्दांवरच विसंबून.