पन्नास वर्षांत काय दिवे लावले?

आईच्या खोलीतल्या बोर्डावर दोन वर्षं चिकटपट्टी होती. बटण खाली दाबलेलं, त्यावर पट्टी, आणि शेजारी माझ्या अक्षरात चिठ्ठी : 'हे बटण बंद करू नये.' दिवेलागणीला देवापाशी निरांजन लावून ती खोलीत यायची. हात सवयीने भिंतीकडे जायचा, पट्टीला अडायचा आणि मग हाक यायची, "अरे, तुझा तो दिवा लाव रे!" घरातला सगळ्यात हुशार दिवा लावायला एक माणूस कायम हाताशी लागत होता.

दिवे आपोआप लावण्या-घालवण्याचा खटाटोप माझ्या चिठ्ठीपेक्षा बराच जुना. पहिल्यापासून त्याची गाठ भिंतीवरच्या बटणाशीच पडत आली आहे, आणि बहुतेक वेळा बटणच जिंकलंय.

१९७५ साली स्कॉटलंडमधल्या ग्लेनरॉथ्स गावात पिको इलेक्ट्रॉनिक्स नावाची छोटी कंपनी कॅल्क्युलेटरच्या चिप करायची. तिचे पहिले आठ प्रकल्प कॅल्क्युलेटरचे. नववा, बसल्या जागेवरून हवं ते गाणं लावता येईल असा रेकॉर्ड प्लेयर. गाणं दुरून लावता येतं तर दिवा का नाही, म्हणून दहावा प्रकल्प. नावही तेच, एक्स-१०. नवी तार ओढायची नाही, ही त्यातली खरी अक्कल. वीज घरभर फिरवलेली असतेच, तिच्याच तारेवरून निरोप पाठवायचा. एसी वीज दर सेकंदाला शंभर-सव्वाशे वेळा शून्यावरून जाते. नेमक्या त्या क्षणी १२० किलोहर्ट्झचा एक टिपका तारेवर सोडायचा. टिपका आला तर एक, नाही आला तर शून्य. घरासाठी १६ अक्षरं, दिव्यांसाठी १६ आकडे, म्हणजे एकूण २५६ पत्ते. १९७८ पासून हा माल अमेरिकेत सीअर्स आणि रेडिओ शॅकच्या दुकानांत मिळू लागला.

एक हुकूम पोचायला पाऊण सेकंद लागायचा, आणि पोचला की वाटेत हरवला हे कळायची सोय नव्हती. शेजाऱ्याने तेच अक्षर निवडलेलं असेल आणि दोन्ही घरं एकाच ट्रान्सफॉर्मरवर असतील, तर त्याच्या रिमोटने तुमच्या दिवाणखान्यात अंधार! शिवाय कुणी दिव्याचं मूळ बटणच बंद करून ठेवलं, की निरोप येऊन फुकट. ऐंशीच्या दशकात तिकडेच 'द क्लॅपर' नावाचं, टाळी वाजवून दिवा लावायचं यंत्र आलं. ते लोकांना यंत्रापेक्षा जाहिरातीमुळेच जास्त आठवतं.

पुढची पंचवीस-तीस वर्षं भराभर ओलांडली तरी चालतील. तोवर खरी अडचण बल्बचीच होती. तारेच्या पिवळ्या बल्बला शहाणं करणार कसं? त्याच्या भट्टीत नाजूक इलेक्ट्रॉनिक्स ठेवायला थंड कोपरा नाही, आणि रंग बदलणं तर दूरच. १९९३ मध्ये जपानच्या निचिया कंपनीत शुजी नाकामुरांनी प्रखर निळा एलईडी करून दाखवला, तेव्हा ही कोंडी फुटली. निळा मिळाला म्हणजे पांढरा मिळाला. याच निळ्या एलईडीसाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.

ऑक्टोबर २०१२ मध्ये फिलिप्सने 'ह्यू' आणला. तीन बल्ब आणि फोनचा हुकूम त्यांच्यापर्यंत नेणारी एक डबी, म्हणजे ब्रिज, किंमत १९९ डॉलर, सुरुवातीला फक्त ॲपलच्या दुकानांत. बल्ब एकमेकांशी झिगबी या रेडिओभाषेत बोलायचे आणि एकाकडून दुसऱ्याकडे निरोप सरकवायचे, पंगतीत पुढच्याला पत्रावळ द्यावी तसे. मधल्याचं बटण कुणी बंद केलं की पंगतीत खिंडार! पलीकडच्या खोलीतला दिवाही मग हुकूम ऐकेनासा होई.

त्याच सुमारास आपल्याकडे एलईडीची निराळीच गोष्ट घडत होती, आणि माझ्या मते ती जास्त मोठी. २०१४ च्या सुरुवातीला सरकारी खरेदीत ३१० रुपयांना पडणारा एलईडी बल्ब दोन-तीन वर्षांत ४० रुपयांच्या आत आला. जानेवारी २०१५ मध्ये सुरू झालेल्या 'उजाला' योजनेतून ३६ कोटींहून अधिक बल्ब वाटले गेले. त्यांना ना ॲप, ना एक कोटी साठ लाख रंग. पण साठ वॅटचा बल्ब काढून नऊ वॅटचा लावणं ही बचत कुठल्याही हुशारीपेक्षा दांडगी होती.

मी २०१८ मध्ये हौस केली. आलेला बल्ब आट्याचा, घरातले होल्डर पिनांचे. मध्ये जोड लावून तो बसवला, त्यामुळे शेडमधून बोटभर खाली लोंबायचा. पहिला आठवडा जांभळा, हिरवा, गुलाबी करण्यात गेला. आई म्हणाली, "गणपतीची आरास कायमचीच ठेवणार आहेस का?" त्यानंतर रंग कुणी बदलला नाही.

खरा तमाशा पावसाळ्यात झाला. मध्यरात्री लाइट गेली, तीनच्या सुमारास आली, आणि घरातले, तोवर चार झालेले, स्मार्ट बल्ब पूर्ण तेजाने, लख्ख पांढरे पेटले. झोपताना ते फोनवरून बंद केले होते, बटणं चालूच होती. लागोपाठ तिसऱ्या रात्री हेच झालं आणि आईने टेबलावरच्या घडीच्या पंख्याने बल्ब झाकायचा प्रयत्न केला, तेव्हा मी शोधत बसलो की हे होतं का. कारण कळल्यावर मात्र रागाऐवजी हसू आलं. लाइट गेली होती की कुणी बटण बंद केलं होतं, हे बल्बला कळायला मार्ग नसतो. दोन्ही त्याला सारखंच. आणि बटण दाबल्यावर दिवा लागलाच पाहिजे, ही माणसाची अपेक्षा. म्हणून वीज मिळताच पेटायचं, असं कारखान्यातच ठरवून ठेवलेलं. म्हणजे जुन्या बटणाचा मान राखायला गेले आणि लाइट जाणाऱ्या देशाला विसरले. पुढच्या काळात 'वीज आल्यावर आधीच्याच स्थितीत राहा' अशी सोय बहुतेक बल्बांत आली.

मग घरात बोलणारा स्पीकर आला. अमेझॉनचा एको भारतात २०१७ मध्ये आला, त्यातून बोलणारी अलेक्सा हिंदी शिकली २०१९ मध्ये. आई तिच्याशी हिंदीत आणि अदबीने बोलायची, "बत्ती बंद कीजिए", बँकेतल्या परप्रांतीय मॅनेजरशी बोलावं तशी. फोनवरच्या गूगल असिस्टंटला २०१८ मध्ये मराठी आलं खरं, पण दिवा घालवायला आधी फोन शोधायचा, हे कुणाला पटणार?

याच काळात दोन घटनांनी डोळे उघडले. २०१६ मध्ये काही संशोधकांनी इस्रायलमधल्या बेरशेबा शहरात एका इमारतीसमोर ड्रोन उडवला आणि आतल्या स्मार्ट बल्बांचा ताबा घेऊन ते एसओएसच्या ठेक्यात लुकलुकवले. सुरक्षेतलं ते भोक बल्बच्या कंपनीने बुजवलं. आणि एप्रिल २०२२ मध्ये अमेरिकेतल्या इन्स्टिऑन कंपनीचे सर्व्हर न सांगता-सवरता बंद पडले. ॲप मुकं झालं, ठरवलेल्या वेळा कोलमडल्या. ज्यांच्या भिंतीवर इन्स्टिऑनची बटणं होती, त्यांचे दिवे हाताने लागत राहिले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये 'मॅटर' हे सगळ्या कंपन्यांचं सामाईक प्रमाण आलं. चांगलं झालं, पण त्यासाठी २०२२ उजाडावं लागलं.

विजेच्या बचतीचा हिशेब मी एकदा कागदावर मांडला. बंद असतानाही स्मार्ट बल्ब हुकमाची वाट पाहत जागा असतो; त्यासाठी अर्धा वॅट धरू. न्हाणीघरातला नऊ वॅटचा बल्ब दिवसाला तासभर लागतो, म्हणजे वर्षाला ३.३ युनिट. उरलेले २३ तास नुसतं जागं राहायला ४.२ युनिट. पेटून जेवढं खातो त्यापेक्षा जास्त तो न पेटता खातो! साधा बल्ब लावून बटण बंद करणं इथे सरळसरळ स्वस्त. न्हाणीघरातून तो मी त्याच दिवशी काढला.

आज घरात आपोआप लागणारे दिवे तीनच. गॅलरीतला, सूर्यास्ताला लागतो आणि साडेअकराला मालवतो. पॅसेजमधला, चाहूल लागली की पेटतो. आणि आईच्या पलंगाखालची दिव्यांची पट्टी. रात्री तिने पाय खाली टाकले की मंद पिवळा उजेड पडतो आणि तिला भिंत चाचपडावी लागत नाही. या पट्टीबद्दल तिने आजवर एकदाही हाक मारलेली नाही. हलल्यावर पेटणारा सेन्सर संडासातही लावून पाहिला होता, पण तिथे माणूस फार हलत नाही. दोन मिनिटांनी काळोख व्हायचा आणि आतून हात ओवाळावे लागायचे.

बाकीच्या खोल्यांत बल्ब साधे आणि हुशारी बोर्डाच्या आत. बटण दाबा नाहीतर सांगा, दोन्ही चालतं. चिकटपट्टी गेली. मात्र वायरमनने बोर्ड उघडल्या उघडल्या मान हलवली होती. "प्लग आहे त्या बोर्डात न्यूट्रल आहे, या दोन बटणांच्या छोट्या बोर्डात नुसती फेज उतरवलीय." न्यूट्रल वरून थेट दिव्याला गेलेली. बोर्डातल्या यंत्राला स्वतः जागं राहायला दोन्ही तारा लागतात. न्यूट्रलशिवाय चालणारी यंत्रं मिळतात, पण ती दिव्यातूनच थोडा करंट ओढतात आणि बंद केलेला एलईडी कधीकधी रात्रभर मिणमिणत राहतो. आईच्या खोलीत म्हणून भिंत फोडावीच लागली.

तेव्हा घराचं वायरिंग नव्याने करत असाल, तर स्मार्ट दिवे घ्यायचे असोत वा नसोत, प्रत्येक बोर्डात न्यूट्रल उतरवून घ्या. वायरमनला हे प्लास्टर व्हायच्या आधी सांगा.