नाणेघाट : सार्थवाहांच्या जुन्या वाटेवर

कल्याणहून मुरबाडमार्गे माळशेजकडे निघालेल्या रस्त्यावर वैशाखरे गाव मागे पडले की उजव्या हाताला एक पायवाट रानात शिरते. प्रारंभी ती सौम्य आहे. करवंदीच्या जाळ्या, ऐनाची झाडे, मध्येच एखादा कोरडा ओढा अशी तासभर चाल झाल्यावर मात्र झाडी दाट होते, चढ उभा होतो आणि पायाखाली मातीऐवजी रचलेले दगड लागू लागतात. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी सोपारा आणि कल्याण या बंदरांत उतरलेला माल बैलांच्या पाठीवरून याच वाटेने जुन्नरला आणि तेथून प्रतिष्ठान, म्हणजे आजच्या पैठणला जात असे.

खिंडीच्या तोंडाशी खडकात कोरलेली पाण्याची टाकी आणि एक प्रशस्त लेणे आहे. हे लेणे कोणत्याही पंथाच्या उपासनेचे नव्हे. त्याच्या मागील भिंतीवर सातवाहन राजकुलाच्या प्रतिमा होत्या. सिमुक, सातकर्णी, राणी नागनिका, राजकुमार यांची नावे वर कोरलेली होती. प्रतिमा आता नाहीत, केवळ पावलांच्या खुणा उरल्या आहेत.

दोन्ही बाजूंच्या भिंतींवर ब्राह्मी लिपीत आणि प्राकृत भाषेत मोठा लेख आहे. विल्यम साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८२८ साली त्याकडे विद्वानांचे लक्ष वेधले. त्यात राजाने केलेल्या यज्ञांची आणि दिलेल्या दक्षिणेची नोंद आहे. यज्ञातील पशुबळी जैन मनाला रुचणारा नाही, हे खरे. परंतु पेढीवर वाढलेल्या माणसाची दृष्टी येथे दुसऱ्याच गोष्टीवर खिळते. गायी, हत्ती, घोडे, कार्षापण यांची संख्या केवळ शब्दांत न सांगता अंकांतही मांडलेली आहे. गुजरातचे थोर संशोधक भगवानलाल इंद्रजी यांनी या अंकांचा उलगडा केला. शून्य नाही, स्थानमूल्य नाही. दहा, वीस, शंभर यांना स्वतंत्र चिन्हे. शंभराच्या चिन्हाला सातचे चिन्ह जोडले की सातशे, हजाराच्या चिन्हाला चारचे जोडले की चार हजार. भारतातील अंकलेखनाच्या अगदी जुन्या पुराव्यांत याची गणना होते. जमाखर्चाची वही पुढे कितीही बदलली असली, तरी तिचे मूळ शोधणाऱ्याने एकदा या भिंतीसमोर उभे राहावे.

माथ्यावर एक मोठा दगडी रांजण आहे. जकातीची नाणी त्यात टाकत, म्हणून घाटाचे नाव नाणेघाट, असे परंपरा सांगते. व्यापाऱ्यांच्या श्रेणींचे पुरावे मात्र परंपरेवर अवलंबून नाहीत. जुन्नरच्या डोंगरातील एक बौद्ध लेणे आणि पाण्याचे टाके धान्यव्यापाऱ्यांच्या श्रेणीने दान दिल्याचा लेख तेथेच कोरलेला आहे. दाणाबाजारात पिढ्या घालविलेल्या घराण्यांना हे आपल्या पूर्वसुरींचे दान वाटल्यास नवल नाही.

या वाटेच्या दोन्ही टोकांना जैन परंपरेच्या आठवणी आहेत. श्वेतांबर कथांनुसार, भीषण दुष्काळात सोपाऱ्याच्या जिनदत्त श्रेष्ठीच्या घरी लक्ष मोलाचे धान्य शिजत होते आणि कुटुंब त्यात विष कालवण्याच्या बेतात होते. गोचरीस आलेल्या वज्रसेनसूरींनी त्यांना थांबविले. उद्या सुकाळ होईल, असे त्यांनी सांगितले आणि दुसऱ्या दिवशी बंदरात धान्याची जहाजे लागली. पुढे त्या श्रेष्ठीच्या चार पुत्रांच्या नावांनी मुनींची चार कुळे चालली. दुसऱ्या टोकाला पैठण. इंद्रमहोत्सव आणि संवत्सरी एकाच दिवशी येत असल्याने तेथील सातवाहन राजाने कालकाचार्यांना षष्ठीचा दिवस सुचविला. पर्व पुढे ढकलता येत नाही, म्हणून आचार्यांनी ते एक दिवस अलीकडे, भाद्रपद शुद्ध चतुर्थीला आणले. श्वेतांबर मूर्तिपूजक संघात आजही तोच दिवस पाळला जातो.

या घाटावर हल्ली पावसाळ्यात झुंबड उडते. धुके आणि धबधबे पाहून मंडळी परततात. लेण्याकडे फिरकतात ती बहुधा पावसाचा आडोसा म्हणून. चिखलाने भरलेले पाय, प्लास्टिकच्या पिशव्या, कातळावर ओरखडलेली नावे हे दृश्य क्लेशकारक आहे. अक्षरे आधीच झिजली आहेत. त्यांवर खडू फिरविणे किंवा हाताने चोळणे म्हणजे उरलेला लेखही पुसणे होय. शिवाय चातुर्मासात हिरव्या तृणांकुरांतून आणि असंख्य जीवांवरून चालणे आपल्या आचाराशी जुळत नाही. पौष-माघातील कोरडी वाट जयणेला अधिक अनुकूल आहे.

पहाटे निघाल्यास दोन-तीन तासांत लेणे गाठता येते. उकाळलेले पाणी व खाखरे जवळ असावेत, कारण रानात दुकान नाही. चौविहार करणाऱ्यांनी दुपार कलण्यापूर्वीच उतरण सुरू करावी, म्हणजे सूर्यास्तापूर्वी वैशाखऱ्याला पोहोचून भोजन आटोपता येते. ज्येष्ठांना चढ झेपणार नसेल, तर जुन्नरहून घाटघरमार्गे वाहन माथ्यापर्यंत जाते आणि लेणे तेथून थोडेच खाली आहे.