चित्रीकरण करताना एवढे सांभाळा



२ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्वासा मुक्त झाले. काही वर्षांपूर्वी मुक्तिदिनाच्या कार्यक्रमात एक वृद्ध वारली कलाकार आपल्या शाळेत तारपा वाजवायला आले होते. व्हिडिओ कॅमेरा माझ्याच हातात होता. नंतर पाहिले तर आवाज उत्तम, पण चेहरा पूर्ण काळा! पुढच्या वर्षी ते आजोबा राहिले नाहीत. त्यांच्या मुलाने चित्रफीत मागितली तेव्हा मला फार वाईट वाटले.

चूक कुठे झाली? ते व्हरांड्यात उभे होते आणि त्यांच्या मागे पावसाळी पांढरे आकाश होते. आपला डोळा उजेड आणि अंधार दोन्ही सांभाळून घेतो. कॅमेरा मात्र संपूर्ण दृश्याच्या उजेडाचा हिशेब करतो. आकाश जास्त उजळ असल्यामुळे त्याने उजेड कमी केला आणि चेहरा काळवंडला. म्हणून उजेड शक्यतो आपल्या पाठीमागे असावा. मोबाईल असेल तर पडद्यावर चेहऱ्याला स्पर्श करून उजेड वाढवावा.

इतर नेहमीच्या अडचणी अशा :

१. चित्र पिवळे किंवा निळे दिसणे : कॅमेऱ्याला पांढरा रंग ओळखता आलेला नसतो. त्याच उजेडात पांढरा कागद दाखवून ‘व्हाइट बॅलन्स’ करावा.

२. आडवे पट्टे सरकणे : आपली वीज सेकंदाला ५० आवर्तनांची आहे. त्यामुळे चोकवाली ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त उजळते. शटरचा वेग १/५० किंवा १/१०० ठेवावा.

३. चित्र हलणे : झूम केल्यावर हाताचा कंपही मोठा दिसतो. झूम करण्यापेक्षा जवळ जावे, कोपर अंगाशी टेकवावेत किंवा स्टँड वापरावा.

४. चित्र धुरकट येणे : एसीच्या खोलीतून पावसाळी हवेत कॅमेरा आणला की भिंगावर बाष्प धरते. पुसले तरी ते पुन्हा येते. कॅमेरा बंद पिशवीतच अर्धा तास बाहेर ठेवावा आणि मग काढावा.

यातील बहुतेक दोष नंतर संगणकावर पूर्ण दुरुस्त होत नाहीत. म्हणून कार्यक्रमाआधी त्याच जागी एक मिनिट चित्रीकरण करून ते नीट पाहावे. स्नेहसंमेलन पुढच्या वर्षीही होईल, पण घरातील आजी-आजोबांचे बोलणे आजच नीट टिपून ठेवा.

आपले,
मुख्याध्यापक